रुखवतातलं ग्राफिक्स कार्ड

१० नोव्हेंबर, विंझर

परत तेच. चित्राचं रेंडर निम्म्यात आलं आणि स्क्रीनवर पाटी, मेमरी संपली. फार्महाऊस एवढंसं, पण मागं डोंगर आणि डोंगरावर झाडं. माझं ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं. ओटा वीतभर आणि स्वयंपाक गावजेवणाचा.

पुण्याच्या सरांना फोन केला. त्यांच्या आर्किटेक्ट ऑफिसची थ्रीडी चित्रं मी इथं घरात बसून करते. म्हणाले, "झाडं कमी कर." वेल्ह्याच्या डोंगरातली झाडं कमी करायची तर ठेवायचं काय, प्लॉटचे बोर्ड? मग मुद्द्यावर आले. संक्रांतीनंतर मोठं काम येतंय, अख्ख्या उताराचं, झाडाझुडपांसकट, फिरतं दृश्य. "मशीन वाढवलंस तर काम तुझं. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल, वर्षा."

आणि महिन्यावर लग्न. सगळं एकदमच येतं.

१२ नोव्हें.

दोन कार्डांत अडकलेय. चिप तीच, कोअर तेवढेच, पंखे तेवढेच. एकाला आठ जीबी, दुसऱ्याला सोळा. डेटाची बस दोन्हींची १२८ बिटची, म्हणून गेमवाले नावं ठेवतात की रस्ता अरुंद आहे. असू दे. मला गोदाम मोठं पाहिजे, रस्त्याचं बघून घेईन. लांबी तीनशे मिमी. कॅबिनेटात पट्टी घालून मोजलं, बसतंय, बोटभर जागा उरते. वीज १८० वॅट. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, साडेपाचशेचा हवा म्हणतात, माझा साडेचारशेचा. कंपन्या वाढवूनच सांगतात. बघू.

चाळा म्हणून नितीनचंही लिहिलं. गाव किकवी. शिरवळला कंपनीत, शिफ्टची नोकरी. उंची दारातून वाकून यावं लागेल एवढी. आवाज कमी. तापतो का ते अजून लोड देऊन बघितलेलं नाही. बघायला आले तेव्हा एकच वाक्य धड बोलला, "तुमचं काम बंद करू नका." त्या वाक्यावर मी हो म्हटलं, खोटं कशाला बोलू.

घरात तो आणि त्याची आई. वडील तो शाळेत असतानाच गेले. आई त्या दिवशी मुकाट बसून होत्या. बोलल्या त्या थोरल्या काकू, म्हणजे त्याच्या चुलत्यांची बायको. "दिसभर काम्पुटरफुडं बसल्यावर भाकऱ्या कोण थापनार गं?" हसून बोलल्या. पण बोलल्याच.

१५ नोव्हें.

आण्णा मळणीवरून आले, अंगाला भाताचं कूस चिकटलेलं. हातपाय धुवायच्या आधीच सांगून टाकलं. कपाट नको, फ्रीज नको, सोफा तर नकोच नको. मला ते कार्ड द्या.

"डबडं दिलं म्हंतील लोक पोरीला."

आई म्हणाली, "मग रुखवतात काय मांडायचं, वायरी?"

"व्हय, वायरी," मी म्हटलं. आई चिडली. रात्रीचं जेवण सगळ्यांनी खाली बघून केलं. ताटं उचलताना आण्णांनीच विषय काढला. "त्यानं तुजं काम चालू ऱ्हाईल न्हवं? मग तीच संसाराची वस्तू. कपाट काय, नंतर बी येतंय."

आत जाऊन रडले. आण्णा असं काही बोलतात आणि मग आपलं काही चालत नाही.

२१ नोव्हें.

काल पुण्याहून आणलं. सोळा जीबीवालंच. एसटीत आण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. नसरापूरला एक बाई म्हणाल्या, "खाली ठिवा की, मला टेकू द्या." तर हे म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं हाय." बाई दागिने समजून गप्प बसल्या.

आज लावून बघितलं. तोच डोंगर, तीच झाडं, सगळी उभी राहिली. अडकलं नाही. आण्णा मागं उभे राहून बघत होते. "तीन पंखं हायत ह्याला. आपल्या अख्ख्या घरात दोन."

परत काढून बॉक्समध्ये ठेवलं. आता लग्नानंतरच.

५ डिसें.

भोरच्या शोभामावशी आल्यात. रुखवत त्यांच्या ताब्यात. लोकरीचे ससे, करंज्यांचा मनोरा, पितळी भांडी, आणि मधे माझं कार्ड. बॉक्सवर लाल डोळ्यांचा राक्षस छापलाय, त्यावरून वाद. "लग्नाच्या टेबलावर हे मुस्काट न्हाई मांडायचं." मी म्हटलं बॉक्समधून काढायचं तर चंदेरी पिशवीतच राहील, कुणी हात लावायचा नाही. शेवटी ताटात लेसचा रुमाल, त्यावर चंदेरी पिशवी, पुढं चिठ्ठी, "ग्राफिक्स कार्ड". मावशींना तेवढ्यानं भागेना. त्यांनी खाली लिहिलं, "चि. वर्षाचे".

९ डिसें., किकवी

काल लग्न झालं. जांभया येताहेत, थोडंच लिहिते.

दारात चुलत नणंदा अडवून उभ्या. उखाणा रात्रीच जुळवून ठेवला होता:

सोळा जीबीची मेमरी, पंखे तीन, आवाज नाही फार,
नितीनरावांचं नाव घेते, उघडा आता दार.

दोन पोरी हसल्या, बाकीच्यांनी मला परत एकदा निरखून बघितलं. नितीनचे कान लाल. म्हणजे लोडवर तापतो.

सगळं थोरल्या काकूंनी केलं. हळद, ओटी, मला ओवाळणं, माप. सासूबाई कार्यालयात मला दिसल्याच नाहीत. विचारलं तर कोठीच्या खोलीत, लाडू मोजून देत होत्या म्हणे. घरी आल्यावर पाया पडायला गेले तर पाय मागं घेतले. "काकूंच्या पड आदी." त्यांना आत्या म्हणायचं ठरलंय, इथं सुना तसंच म्हणतात.

१३ डिसें.

डोकं फिरलंय.

आज नितीननं टेबल आणलं, कॅबिनेट उघडलं, चंदेरी पिशवीतून कार्ड काढलं. खालच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी असते, तीच मदरबोर्डात बसते, तिथूनच सगळं येतं जातं. त्या पट्टीवर कुंकू. वर हळद. ओल्या बोटानं लावलेलं, वाळून बसलेलं, दातांच्या फटींत शिरलेलं.

लगेच मावशींना फोन. खूप बोलले. त्या आधी ऐकून घेत होत्या, मग रडायला लागल्या. "तुज्या गळ्याची शपथ, म्या पिशवीला हात न्हाई लावला." आता वाईट वाटतंय, पण मग कुणी? एवढ्या बायांनी सांगून ठेवलेलं ऐकलं नाही, आणि ताटात जागा असताना नेमकं तिथंच!

१४ डिसें.

किकवीतल्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं. कापसाचे बोळे, जुना ब्रश, खोडरबर. एकेक दात घासत बसले. बोळे लाल होत होते. मान वर केली तर दारात आत्या. त्यांची नजर माझ्या हातातल्या बोळ्यावर.

"पुसती व्हय गं?"

मी आपली सांगत बसले की इथून करंट जातो, मधे काही आलं की शॉर्ट होतं. त्या ऐकून गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत. पोटात दुखतंय म्हणाल्या.

संध्याकाळी गोठ्यात गेले. त्या म्हशीखाली बसल्या होत्या, धार काढता काढताच बोलल्या, माझ्याकडं न बघता. बरं झालं, बघितलं असतं तर बोलल्या नसत्या.

"म्या लावलं त्ये."

कार्यालयात बहुतेक सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा त्या रुखवत बघायला बाहेर आल्या. मुलाचं लग्न, आणि एकाही वस्तूला हात लागला नाही त्यांचा. लावू नका असं कुणी बोलत नाही, पण काकू पुढं होतात आणि ह्या मागं. "घरात देवाला लावती म्या रोज. त्याला कोन काय म्हनत न्हाई. लगनातल्या वस्तूला कसं लावू? भांड्यांपशी दोगीतिगी बाया हुत्या. ह्याच्यापशी कुनी न्हवतं. म्हनलं ह्ये पोरीच्या पोटापान्याचं हाय, ह्याला लावावं. वर चिठ्ठी बी तुज्या नावाची. पिशवी उगडली, सोनेरी कड दिसली, देवाच्या टाकासारखी, म्हनून तितंच लावलं."

कुंकू पुसत होते मी, नवी नवरी, त्यांच्यासमोर बसून. लग्नात त्यांनी लावलेलं ते एकच होतं.

मावशींना फोन करून माफी मागितली. का ते सांगितलं नाही.

१५ डिसें.

कार्ड बसवलं. पट्टी स्वच्छ आहे, भिंग घेऊन बघितलं. चालू झालं, एका फटक्यात. आधी गोठ्यात धावले. "आत्या, चाललं!" त्या हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा दात दिसले.

२४ डिसें.

मजेत चाललंय. सरांना नमुन्याचं दृश्य पाठवलं, त्यांनी नुसतं "हं, आता कसं" असं लिहिलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. सोळातले अकरा जीबी भरले, तापमान पासष्टच्या वर नाही.

आत्या रोज दुपारी येऊन खुर्चीमागं उभ्या राहतात. आज म्हणाल्या, "ही आंब्याची हायत का? मग पानं समदी एका रंगाची कशी? कवळी पानं तांबूस आस्त्यात." खरंच की. पालवीला वेगळं टेक्श्चर दिलं. डोंगर जिवंत वाटायला लागला. त्यांना म्हटलं तुम्हाला पगार द्यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "भाकरी थाप, त्योच पगार." आता त्या टोमणा मारतात तेव्हा बरं वाटतं.

२ जानेवारी

स्क्रीन काळी. पंखे एकदम जोरात फिरले आणि सगळं बंद. परत चालू केलं, पाच-दहा मिनिटं ठीक, मोठं दृश्य लावलं की बंद. तीनदा.

आत्या मागंच उभ्या होत्या.

३ जाने.

जुनं चार जीबीचं लावून बघितलं. बंद पडत नाही. नवं लावलं, पडतं.

आत्यांना म्हटलं, लाईटचं असेल, मळ्यातल्या मोटारी एकदम चालू होतात. त्या "व्हय" म्हणाल्या. चेहरा मानल्यासारखा नव्हता.

५ जाने.

गोठ्यातली दुसरी म्हैस व्यायली. रेडकू छान आहे, कपाळावर चांद. सगळ्यांनी हात फिरवला, आत्या लांब उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तू पूस त्याला, म्या न्हाई." दोन दिवस बघतेय, माझं ताट त्या वाढत नाहीत, माझी वाळलेली साडी घडी करत नाहीत. खोलीत येत नाहीत. उंबऱ्याबाहेरून हाक मारतात.

नितीनला विचारलं. त्यानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "बाबा गेले त्या वर्षी तिनं माझ्या चुलत बहिणीच्या डोहाळजेवणात ओटीला हात लावला होता. पुढं पोर राहिलं नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण तेव्हापासून ती मागंच असते."

आता कळलं त्या काय समजून बसल्यात. कार्ड गेलं तर काम जाईल, ते मी परत मिळवीन, नाही मिळालं तर दुसरं बघेन. पण ह्या बाईंचं काय? त्यांनी इतक्या वर्षांनी एका वस्तूला हात लावला आणि ती वस्तू मेली, असं झालं तर परत कशालाच हात लावणार नाहीत त्या. मला त्यांची फार काळजी वाटतेय. स्वतःची एवढी वाटत नाही.

७ जाने.

दोनच कारणं असू शकतात.

एक: कुंकू. फटीत कुठं कण राहिला असेल, तापल्यावर काहीतरी होत असेल. हे नको.

दोन: एसएमपीएस. कार्डाला १८० वॅट सरासरी, पण मधेच क्षणभर दुप्पट ओढतं. प्रोसेसर आणि बाकीचं धरलं तर माझा साडेचारशेचा, तोही जुना, मान टाकणारच. जुनं कार्ड कमी ओढतं म्हणून चालतं. हे पटतं. पण लग्नाआधी विंझरला चाललं, इथं पंधरा दिवस चाललं, मग आताच का? तेव्हा एवढं मोठं दृश्य लावलं नव्हतं हे खरं. तरी खात्री देता येत नाही.

दुकानदाराला फोन केला. पहिला प्रश्न, "मॅडम, कार्डवर काही सांडलं होतं का?" नाही म्हटलं. कुंकू सांडलं नव्हतं, लावलं होतं.

९ जाने.

नितीन सेकंड शिफ्टला, म्हणून एकटीच भोरला. साडेसहाशेचा एसएमपीएस. दुकानातला म्हणाला, "नाही चाललं तर मग कार्डच गेलं समजा, ताई." वाटेत तेच डोक्यात.

घरी आले तर आत्या ओट्यावर. "लाईटचा डबा आनला," मी म्हटलं. "जुना बारका होता. चूक माझी, कार्डाच्या बॉक्सवर मोठा लिहिला होता तरी मी ऐकलं नाही."

"माज्यासाटी बोलू नगंस गं काई बाई."

"तुमच्यासाठी नाही आत्या, खरंच लिहिलं होतं." बॉक्स आणून दाखवला, राक्षसासकट. त्यांना इंग्रजी येत नाही, ५५० आकडा ओळखला. बोट न लावता लांबूनच बघितला.

११ जाने.

चहा टाकलाय, तो उकळेपर्यंत लिहिते. मन ठिकाणावर नाही.

सकाळी जुना एसएमपीएस काढला, वायरी सोडवल्या, नवा बसवला. कॅबिनेटची बाजू उघडीच. बटण दाबायच्या आधी आत्यांना हाक मारली. उंबऱ्यापर्यंत आल्या. देवघरातला करंडा घेऊन त्यांच्यासमोर धरला.

"ह्याला लावा. ह्या पत्र्याच्या डब्याला, बाहेरून. इथं लावलं तर काही बिघडत नाही."

"न्हाई. येडी हाईस का तू?"

"लावा."

"आन परत बंद पडलं तर?"

पडेलही. चाललं की मग बोलवावं, असं रात्रभर वाटत होतं, ते सोपं होतं. पण चालल्यावर बोलावलं असतं तर त्यांच्या हाताला काय अर्थ राहिला? म्हटलं, "पडलं तर आपण दोघी मिळून दुकानदाराशी भांडू." त्या हसल्या नाहीत. मग हात पदराला पुसला, दोनदा, आणि आत आल्या. हळद लावली, कुंकू लावलं. टिळा वाकडा झाला.

आणि नेमक्या तेव्हा अंगणातून थोरल्या काकू. पहिली संक्रांत माझी, काळी साडी आणि हलव्याचे दागिने ठरवायला आल्यात. सरळ खोलीतच आल्या. उघडं कॅबिनेट, लाल टिळा, आत्यांच्या हातात करंडा. काकूंनी हे सगळं बघितलं.

"ह्याला कुकू कुनी लावलं गं?"

मी तोंड उघडणार होते. मी लावलं म्हणणार होते, अगदी ओठांवर आलं होतं.

"म्या लावलं," आत्या म्हणाल्या.

काकू खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं चहा टाकते, जरा वेळानं बघू मशीनचं. तर आत्यांनी करंड्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "चा कर. मग तेंच्यासमोरच दाब बटन."

दोघी आत बसल्यात. चहा वर आला.